दातांत धरलेली पट्टी

म्हातारीच्या मोठ्या आतड्यात, उजव्या कुशीला, लिंबाएवढी गाठ. सर्जन म्हणाले, कर्करोगच असावा, गुरुवारी आतडं कापून काढू. दोनदा तुकडा काढून तपासला होता. त्यात कर्करोग सापडला नव्हता, सूज तेवढी होती.

खाटेशेजारी स्टुलावर म्हातारा बसून असायचा. बांबूच्या टोपल्या विणता विणता दोघांचा संसार उभा राहिला होता. बूड त्याचं, काठ तिचा. तिच्यावाचून एकही टोपली पुरी झाली नव्हती.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हाडबिड, काडीबिडी काही गिळलं का? बायकोच्या वतीनं म्हातारा नाही म्हणाला. त्याच्या मते ते खरंच होतं.

बुधवारी सकाळी डॉक्टरीणबाई फेरीला आल्या, तेव्हा म्हातारी सलाइनच्या खोक्याची कागदी पट्टी चिरून काहीतरी विणत बसली होती. हातांना सवय नव्हती रिकामं राहायची. पट्टीचं एक टोक दातांत होतं.

डॉक्टरीणबाई थबकल्या. "मावशी, घरी बांबूही असाच धरता?"

म्हाताऱ्याला हसू आलं. "दातांत नाही तर कुठं धरणार? दोन्ही हात विणण्यात. हिचे दात म्हणजे आमचा तिसरा गडी."

"आणि कुसळं निघतात ती?"

"जातात पोटात. ती कोण मोजतंय?"

डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेवरच टेकल्या. सगळ्यांच्या तोंडात, त्या म्हणाल्या, एक जंतू गरिबासारखा राहतो, कुणाला त्रास देत नाही. पण एखादं कुसळ आतड्यात रुतलं, की त्या जखमेतून तो आत शिरतो आणि हळूहळू गाठ बांधतो, हुबेहूब कर्करोगासारखी. फार क्वचित. त्यांनी स्वतः तो पुस्तकातच पाहिला होता.

सर्जन कुरकुरले, पण दहा दिवस थांबायला कबूल झाले. बारीक सुईनं गाठीतला पू काढला. त्यात पिवळे कण होते, रव्याच्या दाण्यांसारखे. या जंतूला हवा सोसत नाही, म्हणून पू काचेच्या बशीत पसरून ती बशी बिनहवेच्या बरणीत ठेवली. प्रयोगशाळेत चार दिवसांत काही उगवलं नाही, तर बश्या फेकून देतात. डॉक्टरीणबाईंनी बरणीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'फेकू नये.'

पाचवा दिवस कोरा. सातवाही कोराच. म्हातारा जेवणाचा डबा उघडायचा, नुसता बघायचा, झाकून ठेवायचा. म्हातारीनं त्याला दोनदा दटावलं, दुखणं माझं आणि वाळताय तुम्ही. त्यानं एक घास खाल्ला, तो तिच्यासाठी.

आठव्या दिवशी बशीत पांढरे ठिपके उगवले, इवल्या दाढांसारखे खडबडीत. दुपारी डॉक्टरीणबाई स्वतः सांगायला आल्या. तोच जंतू. कापायचं नाही. आधी काही आठवडे शिरेतून पेनिसिलिन, मग गोळ्या, सहा महिने तरी. गाठ विरत जाईल.

"म्हणजे ही घरी येणार?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"येणार. फक्त विणताना दात बंद."

पहिली बाटली लागली. थेंब पडू लागला, थेंबामागे थेंब. म्हातारा तो बघत राहिला आणि बघता बघता तिच्या पांघरुणावर डोकं टेकून गाढ झोपला, बाळासारखा.

नर्स त्याला उठवायला आली. म्हातारीनं सुई नसलेला हात त्याच्या पांढऱ्या केसांवर ठेवला.

"राहू द्या," ती हळूच म्हणाली, "आठवडाभर डोळ्याला डोळा नाही त्यांचा. बाटली संपली की मी हाक मारते तुम्हाला."