देवीलालची गॅप

एकतीस वर्षं झाली मले आर्णीच्या जिनिंगमध्ये. फिटर म्हणून लागलो तवा मिशी फुटली नव्हती, आता डोक्यावर केस नाहीत. एवढ्या वर्षांत माह्या कामाले कोणी नाव ठेवलं नाही, म्हणून ही गोष्ट सांगाले जिवावर येते.

माहं काम म्हणजे गॅप बसवणं. कापसातली रुई ओढणारा चामड्याचा रोलर अन् त्याच्यापुढं वरखाली होणारी सुरी, या दोघांतलं अंतर नेमकं पाहिजे. कमी झालं तर सरकी फुटते, जास्त झालं तर रुई सरकीलेच चिकटून राह्यते. हे मले देवीलाल राठोडनं शिकवलं. माहा उस्ताद. मशीन बंद करून तो वर्तमानपत्राची पट्टी आत घाले अन् डोळे मिटून हळूच ओढे. "पुंडलिक, कागदानं नाही म्हटलं पाहिजे, पण आला पाहिजे," म्हणे. कुठी काही खडखडलं तर ठेल्यावरून सिगारेटच्या पाकिटातली चांदी मागून आणे, चार घड्या करून खाचेत दाबे, का झालं गप. चार वर्षांमागं तो गेला. त्याच्याबिगर जिन सुनं सुनं लागते, खोटं कायले बोलू?

यंदा दिवाळीनंतर मॅनेजर दीनानाथ साहेबांनी गॅप मोजाचे सेन्सर मागवले. अन् बसवाले आली कोण? देवीलालची पोरगी, निकिता! नागपूरच्या कंपनीत इंजिनिअर. आल्या आल्या माह्या पाया पडली. मले आनंदही झाला अन् रागही आला. तिच्या हातात सेन्सरची तळव्याएवढी हिरवी प्लेट, तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा गोल गोल छापलेल्या.

"काका, सुरीच्या दांड्यावर ही धातूची पट्टी बसवली. ती या तांब्याच्या रेघांपुढून सरकली का प्लेटले समजते, सुरी कुठी आहे. शिवतच नाही, म्हणून झिजत नाही. धूळ, रुई, तेल, कायचाच फरक पडत नाही."

"न शिवता गॅप कळते म्हणे! अरे बाप्पा! मंग आम्ही एकतीस वर्षं काय गोट्या खेळलो?"

ती हसली. बापासारखीच हसते.

हंगामाच्या मुहूर्ताच्या दिवशी नारळ फुटला, बटण दाबलं, अन् अर्ध्या मिनिटात मशीन आपोआप बंद. पुन्हा लावली, पुन्हा बंद. पडद्यावर गॅपचा आकडा भलताच. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. दीनानाथ साहेब तडकले.

"दुपारपर्यंत चालू झालं नाही, तर हे सगळं काढून न्या. शिकाऊ पोरी पाठवू नका, असं कळवतो मी तुमच्या कंपनीला."

निकिताचं तोंड एवढंसं झालं. एकटीवर सोपवलेलं तिचं हे पहिलंच काम. वायरी तपासता तपासता ती पुटपुटली, "जवळ दुसरा धातू आला तरच असं होते. पण इथं धातू येईल कुठून?"

माहं ध्यान प्लेटच्या खाचेकडे गेलं. सकाळी ती पूजेचं ताट लावून राह्यली होती तवा, प्लेट जराशी ढिली लागली म्हणून, मीच तिच्या खाचेत सिगारेटच्या पाकिटातली चांदी दाबलती. चार घड्या करून. भलंच करून राह्यलो होतो नं मी!

गप बसलो असतो तर कोणाले कळणार होतं? प्लेटा गेल्या असत्या अन् गॅपसाठी पहिल्यासारखी मलेच हाक आली असती. हे मनात आलं, लपवत नाही. पण पोट्टीनं ओढणीनं डोळे पुसले, अन् मले माहीच लाज वाटली.

"साहेब, तिची चूक नाही. हा उद्योग माहा आहे," म्हणत मी सगळ्यांसमोर चांदी उपसून काढली. साहेब काय काय बोलले ते सांगत नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मले कोणी अडाणी म्हटलं.

निकितानं ती चांदी हातात घेतली. "घरची शिलाई मशीन खडखडली का बाबा अशीच दाबत," म्हणाली अन् पर्समध्ये ठेवली. मंग माह्याकडे पाहून म्हणते, "काका, बरोबर गॅप कोणती, हे प्लेटले एकदा दाखवा लागते. तुम्हीच बसवा. बाबा बसवत तशी."

मी कागदाची पट्टी घातली, डोळे मिटले, ओढली. थोडा नट फिरवला, पुन्हा ओढली. "हीच," मी म्हटलं. तिनं बटण दाबलं अन् देवीलालची गॅप प्लेटनं लिहून घेतली. मशीन जी धडाडली ती थांबलीच नाही. पडद्यावर दुपारभर तोच आकडा. मले कोणी हाक मारली नाही.

चार वाजताच घरी आलो. मैनाबाई, माही बायको, दरवर्षी मुहूर्ताच्या दिवशी न्हाणीत डिझेलचा डबा अन् साबण काढून ठेवते, हाताचं ग्रीस निघावं म्हणून. मले पाहून घाबरली.

"काहून जी, एवढ्या लवकर? जा, हात धुऊन घ्या."

मी दोन्ही हात तिच्यापुढं धरले. तिनं ते उलटेपालटे करून पाह्यले. काहीच लागलेलं नव्हतं.