आपण किवी

हिल्सबरोच्या धैर्यशीलरावांना बायको वासंतीच्या नोकरीच्या जोरावर न्यूझीलंडची रेसिडेन्सी मिळाली आणि आठवड्याभरात ते मूळचे किवी झाले. जँडल्स, म्हणजे तिथल्या रबरी चपला, घालून दारात उभे राहायचे आणि समोर नव्याने आलेल्या पंजाबी कुटुंबाकडे बघून म्हणायचे, "किती लोक येतात हो हल्ली!"

त्याच सुमारास, २०१७ साली, वासंतीच्या भावाचा न्यू जर्सीहून फोन आला. त्याचा तिथला व्हिसा वाढवून मिळाला नव्हता. पुढचं काही ठरेपर्यंत ताईकडे येऊन राहू का, एवढंच त्याने विचारलं.

"अजिबात नाही!" धैर्यशीलराव कडाडले. "असल्या बाहेरच्यांनीच अमेरिकेची वाट लावली. संस्कृती म्हणून काही उरली नाही तिथे. आपण वेळीच आपला देश सांभाळायला हवा."

"आपण म्हणजे कोण रे?" वासंतीने विचारलं.

"आपण किवी!"

वासंतीने शांतपणे भावाला फोन लावला. "ये तू खुशाल. आम्ही मायलेकी एअरपोर्टवर घ्यायला येतो."

"आणि मी?" धैर्यशीलराव गडबडले.

"आपण?" लग्नानंतर पहिल्यांदाच तिने नवऱ्याला इतक्या आदराने संबोधलं. "आपण बसावं घरी, देश सांभाळत."