कोटाखालचा दिवा

"ताई, मागचा दिवा पोरीच्या खुर्चीच्या पाठीवर नको. तिथे काही ना काही लटकतंच. पिशवी, शाल, नवऱ्याचा स्वेटर. खाली मडगार्डवर घ्या," सायकल दुरुस्त करणारे काका म्हणाले होते.

मला घाई होती. "लागतो ना? कायद्याला चालतो ना? मग झालं."

"कायद्याला चालेल हो. मागून येणाऱ्याला दिसायला नको?"

मी हसण्यावारी नेलं आणि दिवा खुर्चीच्या पाठीलाच बसवून घेतला. खरं तर घरात काळजी करण्याचं खातं माझ्याकडेच होतं. रोज सकाळी जिन्याखाली उभ्या सायकलचे ब्रेक दाबून बघायचे, पुढचा पांढरा दिवा, मागचा लाल दिवा लावून बघायचे. नवरा वरून ओरडायचा, "इन्स्पेक्टरीणबाई, पास केलंत का? निघू?" संध्याकाळी छापखान्यातून सुटला की तो पाळणाघरातून लेकीला मागच्या खुर्चीत बसवून घरी आणायचा. थंडीच्या दिवसांत तोवर अंधार पडलेला असे.

लेक वाटेत पेंगायची आणि एका बाजूला कलंडायची. त्यावर मीच शक्कल काढली. वाढत्या अंगाचा म्हणून घेतलेला तिचा गडद निळा कोट दोन मापं मोठा होता. पट्टा बांधून झाला की तो कोट खुर्चीच्या पाठीसकट तिला घालायचा आणि पुढून बटणं लावायची. वारं लागत नाही, पोर कलंडत नाही. नवऱ्याला मी दोनदा करून दाखवलं. स्वतःवर खूश होते मी.

त्या संध्याकाळी वळणावर मागून सामानाची गाडी येऊन धडकली. लेकीच्या हनुवटीला चार टाके पडले. नवऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं.

गाडीचा चालक पळून गेला नव्हता. दवाखान्याच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता, माझ्या वडिलांच्या वयाचा. "पोरी, शपथेवर सांगतो, दिवा नव्हता."

"खोटं बोलू नका! सकाळी मी स्वतः लावून बघितलाय. पोलिसांना सायकल सापडली तेव्हाही चालू होता."

सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मलाही माझं खरंच वाटत होतं.

चार दिवसांनी जबाब द्यायला गेले. पोलीसबाईंनी आधीच सांगितलं, "दिवा लागलेला होता असं तुम्ही लिहून दिलंत, तर त्यांचा परवाना जाईल. कदाचित तुरुंगही होईल. एकदा सगळं होतं तसं मांडून दाखवा."

आवारात दिवे लागायची वेळ झाली होती. सायकलचं पुढचं चाक वाकलं होतं, मागची खुर्ची शाबूत होती. मी मागचा दिवा लावला. लेकीच्या जागी उशी ठेवली, पट्टा बांधला आणि सवयीने कोट खुर्चीच्या पाठीवरून ओढून बटणं लावली. शेवटचं बटण लावेपर्यंत मला काही कळलं नाही.

"आता वीस पावलं मागे या," बाई म्हणाल्या.

मी गेले. वळून बघितलं. अंधारात एक काळा ढिगारा दिसत होता. लाल ठिपकासुद्धा नाही. बाईंनी जाऊन कोट वर उचलला. आत दिवा लुकलुकत होता.

मी रोज सकाळी रिकामी सायकल तपासत होते.

बाईंनी पेन हातात घेतलं. "दिवा चालू होता एवढंच लिहू का? तेही खोटं नाही."

मनात आलं, लिहू दे. नवरा अंथरुणाला खिळलाय, कुणीतरी तर दोषी हवंच. मग तो मांडीवर टोपी घेतलेला माणूस डोळ्यांसमोर आला.

"चालू होता, पण दिसत नव्हता," मी म्हणाले. "कोट घालायला मी शिकवलं होतं, तेही लिहा."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे त्याला सोडवून आलीस."

"खरं सांगून आले."

"आणि मी?"

मी त्याची गोळी आणि पाणी पुढे केलं. तेव्हापासून आम्ही औषधाच्या वेळांपुरतं बोलतो. लेक कोट घालून घेत नाही. मीही आग्रह करत नाही. हल्ली मी संध्याकाळी खिडकी लावून घेते. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकली बघवत नाहीत.

तुमच्याही घरी कुणीतरी काळोख पडल्यावर सायकलवरून येत असेल. नवरा, बहीण, शाळेतून परतणारं पोर. दिवा आहे का, एवढं विचारून थांबू नका. रोजच्यासारखं त्यांना बसवा, पिशव्या अडकवा, पोराला बांधा, स्वेटर-शाली सगळं चढवा. मग दिवा लावून, अंधारात, त्यांच्या मागे वीस पावलं जाऊन उभ्या राहा आणि बघा. आजच बघा. ते निघाले असतील तर आधी फोन करून विचारा, कुठवर आलात.