पापुद्र्याआडचा उजेड

छोटीचे पाय सकाळपासून जमिनीवर नव्हते. काकांच्या कारखान्यात कॉम्प्युटरची कॅबिनेटं बनत, आणि आजवर बनलेलं प्रत्येक कॅबिनेट काळं, चौकोनी आणि तोंड पाडून बसलेलं असे. काकांना त्यात काही खटकत नसे. "मेंदू आत असतो," ते म्हणत, "बाहेरून काय नटवायचंय?" छोटी त्यांची पुतणी. तिने महिनोन् महिने त्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे त्यांनी हात टेकले. एक कॅबिनेट तुझ्या मनासारखं कर. वाचनालयासाठी कॅबिनेटं घ्यायला येणाऱ्या बाईंना पसंत पडलं, तर पुढची सगळी तूच आखून दे. नाही पडलं, तर मुकाट स्क्रूची भोकं आखत बस.

आज त्या बाई येणार होत्या, आणि छोटीचं कॅबिनेट टेबलावर ऐटीत बसलं होतं. रंग सायीचा, कोपरे गोल. पॉवरचं बटण किंचित खोलगट, न बघताही अंगठ्याला सापडेल असं. यूएसबीच्या खाचा समोर, म्हणजे कुणाला टेबलाखाली रांगायला नको. धूळ अडवणारी जाळी चुंबकावर, टिचकीसरशी निघणारी. आणि एक बाजू अख्खी काचेची, आत पंख्यांवर रंगीत दिवे. त्या दिव्यांसाठी तर तिने जिवाचं रान केलं होतं. तेज किती ठेवायचं, कुठला रंग कुठल्या रंगात विरघळायचा, हे बघत ती त्या काचेसमोर तासन् तास बसे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास नको, पण मनाला गुदगुल्या व्हाव्यात, असा उजेड तिला हवा होता. तो साधला होता आणि ती भलतीच खूश होती.

बाई आल्या त्या कपाळाला आठी घालूनच. पण बटण त्यांनी एकदा दाबलं आणि मग उगीचच पुन्हा दोनदा दाबलं. जाळी काढली, लावली, परत काढली. छोटीला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"उजेड फार गोड आहे हो," बाई म्हणाल्या. "पण काच अशी धुरकट का? पुसली नाहीत का?"

छोटीने रुमालाने काच पुसली. काच तशीच. मग तिने सगळा जोर लावला.

"अगं, रगडतेस काय," मागे उभी असलेली काकू शांतपणे म्हणाली. "पापुद्रा आहे त्यावर."

नव्या मालावर ओरखडे पडू नयेत म्हणून पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवतात, आणि कारखान्यात ते खातं काकूकडे होतं. पापुद्रा काढायचा मान गिऱ्हाइकाचा, असा तिचा कायदा. घरी तर तो मान कुणालाच नव्हता. फ्रिज, टीव्ही, रिमोट, वजनकाटा, सगळं घेतल्या दिवसापासून पापुद्र्यातच होतं. छोटी त्या घरात लहानाची मोठी झाली. जरासं धुरकट असणं हा काचेचा स्वभावच आहे, असं ती प्रामाणिकपणे समजत आली होती.

छोटीचा रुमाल काचेवरच थबकला. दिवे तिने त्या पापुद्र्यातून बघून जुळवले होते. पण ती काही बोलायच्या आत काका खुशीत येऊन म्हणालेसुद्धा, "बाई, तुम्हीच काढा की."

बाईंनी नखाने कोपरा उचलला आणि ओढला. सर्रर्र करत पापुद्रा अखंड सुटून आला. बाईंच्या कपाळावरची आठी कुठल्या कुठे पळाली. "आणखी आहे का कुठे?" त्यांनी आशेने विचारलं, आणि मग मान वर करून काचेकडे पाहिलं.

खोलीत सर्कस उतरली होती. काकांचे कान गुलाबी, काकूचं नाक हिरवंगार, आणि बाईंच्या चष्म्यात जांभळे पंखे गरगरत होते.

"वाचनालयात वाचायचंय," बाई म्हणाल्या, "की नाचायचंय?"

काका सावरायला धावले. "नाही, म्हणजे काय, हल्लीच्या मुलांना असंच झगझगीत..."

"नाही," छोटी म्हणाली. तिला रडू येत होतं आणि काकूच्या हिरव्या नाकाकडे बघून हसूही आवरत नव्हतं. "मला हे नको होतं. मघाशी तुम्ही गोड म्हणालात ना, तो माझा उजेड. हा माझ्या चुकीचा. आमच्या घरात पापुद्रा कुणी काढतच नाही हो. मला तो दिसलाच नाही."

"काढायचा कशाला?" काकू म्हणाली. "वस्तू खराब होते."

यावर बाईंना जे हसू फुटलं, त्यात काकाही सापडले. छोटीने तेवढ्यात जमिनीवरचा पापुद्रा उचलला. "काकू, धर गं एक बाजू." दोघींनी तो काचेसमोर ताणून धरला, तशी सर्कस विझली आणि मघाचा मऊ उजेड टेबलभर पसरला.

"साधी काच नकोच इथे," छोटी भराभरा बोलू लागली. "दुधी काच घालते. मग कायम असंच दिसेल."

बाईंनी खुर्ची ओढली, पर्समधून पुस्तक काढलं आणि कॅबिनेटशेजारी उघडलं. एक पान उलटलं. मग आणखी एक. काकूचे हात भरून आले, पण तिने टोक सोडलं नाही.

काकांना राहवेना. "बाई," ते हळूच म्हणाले, "मग पसंत आहे का?"

"श्श," बाई मान वर न करता म्हणाल्या. "वाचतेय मी."

छोटीने ओठ घट्ट मिटले, तरी हसू हातांत उतरलंच आणि टेबलावरचा सगळा उजेड थरथरू लागला. काका क्षणभर त्या उजेडाकडे बघत राहिले. मग चवड्यांवर चालत पुढे आले आणि त्यांनी काकूच्या हातातलं टोक आपल्या हातात घेतलं.