न दिसणारी अक्षरं

लाइनमन नत्थूभाऊंनी इंटरनेटचा मोडेम बसवला, सीडी काढली आणि ते कॉम्प्युटरकडे पाहून थबकले.

"वहिनी, यात विंडोज कुठी हाय?"

"विंडोज नाही, लिनक्स हाय. आमची प्रतिक्षा टाकून गेली दिवाळीत."

"मंग आपलं काम संपलं. ही सीडी यात चालत नाही. चार वाजता मले ऑफिसात सांगा लागते, नेट लागलं का नाही. नाही लागलं तर जोडणी दुसऱ्याले. तुमसरात यादी लांब हाय."

माझे यजमान हिरालाल शेजारी उभे राहून आमच्या ओठांकडे पाहत होते. सव्वीस वर्षं राइस मिलमध्ये काढली, कान तिथंच राहिले. घरात टेलिफोन आला तो त्यांच्या दृष्टीनं नुसता डबा. बंगलोरहून पोरगी दहा मिनिटं बोलायची. मी यांच्यासाठी पाटीवर लिहायची, 'बरी आहे. थंडी आहे.' आता त्याच तारेतून अक्षरं येतील, असं ती म्हणाली होती.

मी तिलाच फोन लावला.

"आई, काळी खिडकी उघड. सुडो लिही, जागा सोड. मंग तीनदा पी, ओ-ई-सी-ओ-एन-एफ."

खिडकीनं पासवर्ड मागितला. मी लिहू लागले. काहीच उमटेना. साधा ठिपकासुद्धा नाही.

"कीबोर्ड मेला," नत्थूभाऊ म्हणाले. "जाऊ काय मी?"

"पोरी, काहीच दिसून नाही राहिलं वं!"

"ते दिसतच नाही, आई. तू लिहीत जाय. त्याले समजते."

लिहिली मग आठ अक्षरं, कोऱ्या काळोखावर. चुकलं तर खोडणार तरी काय? एन्टर दाबलं.

आणि त्याला समजलं!

मग ते एकेक विचारत गेलं. मी लग्नात दिले नव्हते इतके होकार दिले.

"आता पिंग लिहून हाक मार," प्रतिक्षानं एक पत्ता सांगितला. मारली. कुठल्या मुलखातल्या कोणत्या यंत्रानं ओळीमागून ओळ ओ दिली. प्रत्येक ओ सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात. आमच्या घरात हाकेला इतक्या लवकर ओ मिळत नाही.

"बाप्पा!" नत्थूभाऊ खालीच बसले. मग उठून ऑफिसला फोन केला, "लागलं."

गप्पांची खिडकी प्रतिक्षा आधीच लावून गेली होती. ती उघडून मी यांना खुर्चीवर बसवलं आणि नत्थूभाऊंना फाटकापर्यंत सोडायला गेले. तिथवर यांचा आवाज आला, "चांगलं केलं! लय चांगलं केलं!"

धावत आत आले. पडद्यावर पोरीच्या ओळी चढत होत्या, नीट मराठीत, आणि हे त्यांना ओरडून उत्तरं देत होते.

माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रतिक्षाची माय, पोरीनं केस कापले म्हन्ते, पार कानापर्यंत. तुले नाही सांगितलं?"

मला खरंच ठाऊक नव्हतं.

"अजून काय म्हन्ते?" मी ओठ हलवून विचारलं.

"थांब ना," ते म्हणाले. "वाचू तर दे."