कटकट्या पंपाची आरोळी

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे, पण विहिरीवरचा नव्हे! नाशिकच्या एका रुग्णालयात, अतिदक्षता विभागातल्या खाटेच्या पायथ्याशी मी टांगलेला असतो. माझे दोन पट्टे रुग्णाच्या पोटऱ्यांना गुंडाळतात. मी त्यांत हवा भरतो, पोटरी दाबतो, हवा सोडतो. माणूस निपचित पडून राहिला की पायातले रक्त साकळते आणि त्याची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीवच जातो! ती होऊ न देणे हे माझे काम.

अंबडच्या कारखान्यात माझी चाचणी झाली तेव्हा कामगारांनी टाळ्या वाजवल्या होत्या. इथे मात्र सगळा मान व्हेंटिलेटरचा. पट्टा सैल झाला की मी बोंब ठोकतो, म्हणून माझे नाव पडले 'कटकट्या'. येता-जाता कोणीही माझा आवाज बंद करी. मला फार राग येई.

मग पेठकडचे बहिरूदादा आले. न्यूमोनियाने श्वास पुरेना, म्हणून व्हेंटिलेटरवर होते. त्यात पोटात रक्तस्राव झालेला, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारे औषधही देता येईना. सगळी भिस्त माझ्यावर! मी नुसता फुलून गेलो.

भेटीच्या वेळी त्यांची बायको गोजराबाई आली. त्यांच्या घरी दमल्याभागल्या माणसाचे पाय तेल लावून चेपतात.

"ह्या डब्याला काय कळतंय? मालकांचं पाय मीच चेपते," असे म्हणत तिने डावा पट्टा सोडला आणि पदराआडून तेलाची बाटली काढली.

मी जीव खाऊन ओरडलो!

परिचारिका दीपमाला वैतागून माझा आवाज बंद करायला आली. बटणापर्यंत गेलेले तिचे बोट तिथेच थांबले. डावी पोटरी चांगलीच सुजली होती.

"मावशी, हात काढा! चोळू नका!"

माझ्या पट्ट्याखालीच गुठळी झाली होती! कितीही दाबले तरी कधीकधी ती होतेच. पण मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेवढ्यात बहिरूदादांच्या रक्तातला ऑक्सिजन घसरू लागला. डॉक्टर ज्योत्स्ना धावत आल्या. "व्हेंटिलेटर तर नीट चालतोय. म्हणजे गुठळीचा तुकडा फुप्फुसात गेला असणार!"

स्कॅनमध्ये तेच निघाले. पोटातले रक्त थांबले होते, म्हणून डॉक्टरांनी धोका पत्करून तेच रक्त पातळ ठेवणारे औषध सुरू केले. गुठळी झालेला पाय दाबायचा नसतो, म्हणून माझे पट्टे काढून ठेवले. मी खुंटीवरून नुसता बघत राहिलो.

"माझ्या हातानं झालं का वो बाई?" गोजराबाई रडत होती.

"नाही मावशी, गाठ आधीच होती," दीपमाला म्हणाली.

हळूहळू ऑक्सिजन चढला. एके सकाळी घशातली व्हेंटिलेटरची नळी निघाली! बहिरूदादा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गोजरे, पाय लय दुखत्यात. चेप जरा."

गोजराबाईने दोन्ही हात पाठीमागे नेले. "डॉक्टरबाईंना इचारल्याबिगर नाय," ती म्हणाली आणि रडता रडता हसली.

मित्रांनो, आजारी माणसाचा पट्टा किंवा नळी मायेपोटीसुद्धा विचारल्याशिवाय सोडू नका. आणि आम्ही ओरडलो तर आधी माणसाकडे बघा, मग बटणाकडे.