पोत्यातली हळद

प्रतिक्षा न्हाणीत शिरली, आतून कडी लागली, तशी सुमनबाईनं जिन्याखालचं पोतं सोडलं. ओंजळी भरभरून हळकुंडं काढली आणि त्यांच्या जागी जुन्या वाकळेच्या चिंध्या कोंबल्या. जन्मात कधी चोरी केली नव्हती बिचारीनं, पण भीती माणसाला काय काय शिकवते! सून बाहेर आली तेव्हा सासूबाई तुळशीपाशी, जशी काही त्या गावचीच नव्हे.

प्रतिक्षाला वसमतला पार्सल पोचवायचं काम मिळालं होतं. मिळालं म्हणजे मिळाल्यात जमा होतं. सोमवारी वीस किलोची बॅग पाठीवर घेऊन गोदामाचा जिना चढून दाखवायचा, मगच नोकरी. नवरा पुण्यात, त्याचा पगार त्यालाच पुरेना. म्हणून ही पोरगी रोज सकाळी तेवढ्याच वजनाचं हळकुंडाचं पोतं पाठीला बांधून गच्चीवर चढ-उतर करायची. लेकरू पाच महिन्यांचं, तेही ऑपरेशन करून झालेलं. टाका वरून भरला म्हणजे आतूनही भरला, हे कोण छातीठोक सांगणार?

सुमनबाईची भीती उगीच नव्हती. तिनं स्वतः बाळंतपणातून उठल्या उठल्या हळदीचं पोतं पाठीवर घेतलं होतं आणि तिचं अंग बाहेर आलं होतं, गर्भाची पिशवीच खाली उतरली होती. तेव्हापासून खोकताना भ्या, वाकताना भ्या, मोठ्यानं हसायचंही भ्या. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नाही, दवाखान्यात सांगितलं नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडानं? सुनेला अडवायचीही छाती झाली नाही, मग पोतंच रोज थोडं थोडं हलकं करत राहिली.

"आत्याबाई, आज दम बी लागला न्हाई! ताकद येऊन राहिली बघा अंगात," प्रतिक्षा गच्चीवरून ओरडायची.

"व्हय वं माय," सुमनबाई खालमानेनं म्हणायची.

रविवारी शेजारची केशरबाई ओट्यावर आली, तर प्रतिक्षा तिला म्हणाली, "उद्याची बॅग? एका झटक्यात उचलते की!"

सुमनबाईच्या ध्यानात आलं. चिंध्यांची सवय लागलेली पोरगी उद्या भरलं ओझं झटक्यानं उचलणार! करायला गेले गणपती अन् झाला मारुती. केशरबाई उठून गेली आणि सुमनबाईनं पोतं आणून सुनेपुढं सोडलं.

चिंध्या बघून प्रतिक्षाचा चेहरा लालबुंद झाला. "काहून केलं असं? मला नोकरी लागू नये म्हणून?"

"न्हाई गं बाई. माझ्यासारखं होऊ नये म्हणून." आणि मग तिनं सगळं सांगितलं, भिंतीकडं तोंड करून.

 प्रतिक्षाचा राग कुठल्या कुठं गेला होता, पण आता तीही घाबरली होती. "मग उद्या जाऊ का नको?"

जाऊ नको, असं जिभेवर आलेलं सुमनबाईनं गिळलं. पोरगी किती दिवसांपासून आस लावून बसली होती. तिनं आपलं मऊ लुगडं फाडलं, बाळंतिणीचं बांधतात तसं सुनेचं पोट आवळून बांधलं. पोतं आपल्या हातानं काठोकाठ भरलं. "झटका देऊ नको. गुडघ्यात वाकून ऊठ. जरा जरी तकलीफ झाली तर टाकून दे खाली, सांडू दे हळद."

प्रतिक्षा पोतं पाठीला बांधून गुडघ्यात वाकून उठली.  एकेक पायरी चढू लागली, आणि मागं सुमनबाई दोन्ही हात पसरून, जीव मुठीत धरून. अर्ध्या जिन्यावर प्रतिक्षा थांबली. तिचा हात पोटाकडं गेला आणि लगेच कठड्यावर आला.

"दुखून राहिलं का?"

"न्हाई," प्रतिक्षा म्हणाली, मागं न बघता, आणि चढत गेली.

सुमनबाई तिथंच पायरीवर बसली. तिचं अंग बाहेर आलं त्या दिवशी सासूनं हेच विचारलं होतं, आणि तिनंही असंच, मागं न बघता, न्हाई म्हटलं होतं.